वरचा भाडेकरू

घरपट्टीची नोटीस मोठ्यानं वाचायचं काम सृष्टीकडं आलं, कारण कलशेट्टींच्या घरात खालच्या मजल्यावरून वर आणि वरून खाली बोलण्याची सोय म्हणजे तीच एक होती. वरच्या मजल्यावरच्या प्रभूची एकोणीस वर्षांची मुलगी. सकाळी कॉलेजला जाताना वरचे निरोप खाली टाकायची आणि संध्याकाळी खालचे वर न्यायची. निरोप असून असून काय असणार? पाण्याची मोटर बंद करा, गच्चीवरच्या कुरडया उचला, असलेच. सात वर्षांत दोन्ही मजल्यांनी एकमेकांकडच्या गरजा बऱ्याच कमी करून ठेवल्या होत्या.

"दोड्डप्पा, कर अडीचपट झालाय," ती म्हणाली.

दोड्डप्पा म्हणजे तिचे थोरले चुलते, शिवयोगी. पूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून ते भुसार दुकानात जायच्या तयारीत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि छापताना चुकलं असेल म्हणाले. सरकारी कागदावर त्यांचा फार विश्वास; आकडा पटला नाही तर दोष छापखान्याचा.

"चुकलं न्हाई. कारण दिलंय की खाली." सृष्टीचं बोट रकान्यारकान्यांतून उतरत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं. मग तिनं जरा हळू आवाजात वाचलं. तळमजला, स्वतःचा वापर. पहिला मजला, भोगवटादार, भाडेकरू.

त्यांची बायको सिद्धम्मा स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. हातातली जुडी मात्र देठांसकट पातेल्यात गेली.

"भाडेकरू म्हणजे पप्पा?" सृष्टीनं विचारलं.

शिवयोगींनी तिच्या हातातून कागद घेतला आणि स्वतः वाचला. दोनदा वाचला. स्वतःच्या बापानं बांधलेल्या घरात धाकटा भाऊ भाड्यानं राहतो, असं कुणीतरी सरकारला सांगितलं होतं, आणि सरकारनं ते लिहून घेऊन त्यावर शिक्का मारून परत त्यांच्याच दारात आणून टाकलं होतं. हे कुणी केलं असेल, असं ते स्वतःशीच म्हणाले. बायकोकडं बघून म्हणाले, पण उत्तराची अपेक्षा नसल्यासारखं.

सिद्धम्मापाशी उत्तर होतं. तिनंच केलं होतं.

सप्टेंबरातली गोष्ट. सिद्धम्माचा डेंगीचा ताप नुकताच उतरला होता. नऊ दिवस ती आतल्या खोलीत पडून होती, आणि नऊ दिवस डोक्यावर प्रभूची पावलं ऐकत होती. सहाला उठला. न्हाणीकडं गेला. चप्पल घातली. साडेआठला बाहेरचा लोखंडी जिना दणदण वाजवत उतरला, गाडीला किक मारली आणि चिंचोळी एमआयडीसीत ग्रील आणि दरवाजे बनवायची त्याची शेड आहे तिकडं गेला. त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून सिद्धम्माचं दार सहा पावलांवर. नऊ दिवसांत ती सहा पावलं त्याच्याच्यानं पडली नाहीत.

दहाव्या दिवशी, रविवारी, घरांची मोजणी करणारी एक बाई टॅब घेऊन आली. उन्हातून आली होती बिचारी, सिद्धम्मानं तिला ताक दिलं. बाईनं खोल्या मोजल्या, फरशी कुठली ते विचारलं, आणि मग विचारलं, वर कोण राहतं? सिद्धम्माच्या तोंडात दीर हा शब्द आलाच होता. तेवढ्यात वर खुर्ची सरकली. त्याची रविवारची खुर्ची, खिडकीपाशी ओढून पेपर वाचायची.

"भाडेकरू," सिद्धम्मा म्हणाली.

भाडं किती? साडेतीन हजार. किती वर्षांपासून? सात. एवढं एक खरं होतं. बाईनं टॅब पुढं केला आणि सिद्धम्मानं काचेवर बोटानं सही केली. तिला इतकं बरं वाटलं, की ताप आल्यापासून पहिल्यांदा त्या रात्री तिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या. तोंडाला चव आली बघा, असं शिवयोगी कौतुकानं म्हणाले. डॉक्टरला फोन करून सांगितलंसुद्धा त्यांनी.

आता ते सगळं शिक्क्यानिशी परत आलं होतं.

सिद्धम्मा या घरात आली ती एकोणिसाव्या वर्षी, मैंदर्गीहून. तेव्हा प्रभु सात वर्षांचा. पुढच्याच वर्षी सासू सुंदरम्मा गेली आणि पोर हिच्या ओटीत येऊन पडलं. त्याचं गालगुंड, त्याचे पाढे, दहावीला गणितात राहिला तेव्हा सासऱ्यांच्या हातून त्याला वाचवणं, सगळं हिनं केलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. त्यावरून तिला घरात कुणी कधी बोललं नाही, आणि तिलाही कधी रडायला सवड झाली नाही, कारण प्रभु होता. गड्ड्याच्या जत्रेत सात वर्षांचा घोडा तिच्या कडेवर बसायला बघायचा आणि अत्तिगी, अत्तिगी करत पदर ओढायचा. कानडीत वहिनीला अत्तिगी म्हणतात. सोलापुरात त्याच्या तोंडून ते ऐकून शेजारच्या तेलुगू बायकासुद्धा तिला अत्तिगी म्हणायला लागल्या होत्या.

मग सात वर्षांपूर्वी होळगीचं, म्हणजे पुरणपोळीचं, झालं. सासरे शिवप्पांचं पहिलं पुण्यस्मरण. पुरण घातलं होतं प्रभूच्या बायकोनं, सिद्धेश्वरीनं. चाळीस पाहुण्यांसमोर सिद्धम्मानं ते बोटानं दाबलं आणि डाळ कच्ची राहिली म्हणाली. डाळ कच्ची नव्हती. पण चाळीस पाहुणे सिद्धेश्वरीला सुगरण म्हणत होते, आणि तेवढं ऐकून घ्यायची सिद्धम्माची त्या दिवशी तयारी नव्हती. आठवड्यात वरच्या मजल्यावर वेगळा गॅस आला. पंधरवड्यात प्रभूनं स्वतःच्या शेडमध्ये लोखंडी जिना बनवला आणि बाहेरून बसवला, म्हणजे सिद्धम्माच्या दारावरून जायला नको. काम चांगलं केलं होतं त्यानं. सात वर्षांत एक वेल्डिंग सुटलं नाही.

नोटिशीची बातमी सृष्टीनं वर नेली आणि अर्ध्या तासात वरून निरोप आला. पप्पांनी विचारलंय, कुणी सांगितलं?

खालून निरोप गेला की आम्हाला माहीत नाही. वरून परत आला की सही तर कुणाची तरी असेल. मग दोन दिवस काहीच आलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी सिद्धेश्वरीचा भाऊ अकलूजहून आला. साखर कारखान्याच्या कोर्टकचेऱ्यांची कागदं सांभाळण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, त्यामुळं साध्या माणसांवर संशय घेण्याचा त्याचा हात चांगला बसला होता. तो वर चार तास बसला. सृष्टीनं खाली येऊन सांगितलं, मामा म्हणतोय की आज कागदावर भाडेकरू लिहिलंय, उद्या घर खाली करा म्हणतील. हे पद्धतशीर चाललंय. हरकतीच्या एकवीस दिवसांच्या मुदतीत हे नाव निघालं नाही तर वाटणीचा दावा लावा, घर विका आणि अर्धे घेऊन मोकळे व्हा.

"आणि पप्पा काय म्हणाला?" सिद्धम्मानं विचारलं.

"पप्पा नुसता जिना बघत बसलाय."

शिवयोगी त्या रात्री जेवले नाहीत. आपण धाकट्या भावाला घराबाहेर काढू असं त्याच्या मनात तरी कसं आलं, हे त्यांना समजत नव्हतं, आणि ज्याला सांगायचं तो छताच्या वर होता. सिद्धम्मानं ताट झाकून ठेवलं. सांगून टाकावं असं तिला दहा वेळा वाटलं. दहाही वेळा तिनं दुसरंच काहीतरी सांगितलं, की दूध नासलं, की उद्या वीज जाणार आहे.

मग संशयांचा फेरा सुरू झाला आणि त्यात तिचं फावलं. शिवयोगींना वाटायला लागलं की सिद्धेश्वरीनंच सांगितलं असणार. वेगळं राहतो, एवढं म्हणाली असेल, आणि त्या मोजणीवालीनं भाडेकरू लिहिलं. सिद्धेश्वरीला वाटलं सृष्टीनं काहीतरी घोळ घातला, पोरीचं लक्ष सदा मोबाइलमध्ये. प्रभूला अण्णांवर, म्हणजे थोरल्या भावावर, संशय होता. सृष्टीला सरकारवर. सिद्धम्माकडं जो तो, कुणी समोर येऊन तर कुणी सृष्टीच्या तोंडून, आपला संशय पोचवायचा आणि ती प्रत्येकाला असेल बाई, असेल बाबा म्हणायची. घरातली ती एकटीच होती जिचं सगळ्यांशी पटत होतं. सात वर्षांत तिला इतका मान कधी मिळाला नव्हता, आणि तो तिला काट्यासारखा टोचत होता.

दावा लागला तर घर जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि खरं सांगितलं तर प्रभु जाणार. आता तो निदान डोक्यावर तरी चालत होता.

हरकत घ्यायला शेवटी दोघे भाऊ एकत्र गेले, कारण अर्जावर दोघांच्या सह्या लागत होत्या. वेगवेगळ्या गाड्यांवर गेले आणि कर विभागाच्या एकाच बाकावर दोन टोकांना बसले. मधल्या जागेत एक तिसराच गृहस्थ येऊन बसला. त्याचं स्वतःचं प्रकरण चार वर्षं चाललं होतं, म्हणून तो सगळ्यांना मार्गदर्शन करायचा. त्यानं दोघांना विचारलं, घरात चुली किती? दोन, म्हणाल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. पाहणीला साहेब आले की आधी स्वयंपाकघर बघतात म्हणे. दोन गॅस दिसले की दोन कुटुंबं, आणि वरचं कुटुंब ते भाडेकरू. एक चूल दिसली की एक कुटुंब. सरळ हिशेब.

हे ऐकून शिवयोगी घरी आले ते एखादी दीक्षा घेतल्यासारखे. साहेब येतील त्या दिवशी वरचा गॅस खाली आणायचा. सगळ्यांनी खाली जेवायचं, आणि एकत्र कुटुंब आहे असं दिसेल असं वागायचं.

"दिसंल असं म्हंजे कसं?" सिद्धम्मानं विचारलं.

शिवयोगींनी थोडा विचार केला. "पैल्यासारखं," ते म्हणाले.

पाहणी ठरली जानेवारीच्या अठ्ठावीस तारखेला, सकाळी अकराची. सातच्या ठोक्याला लोखंडी जिना वाजला. प्रभु खांद्यावर सिलिंडर घेऊन उतरला आणि सात वर्षांत पहिल्यांदा ती सहा पावलं चालून खालच्या दारात उभा राहिला. सिद्धम्मानं दार उघडलं. तो तिच्या खांद्यावरून आत बघत, सिलिंडर कुठं ठेवू, असं बहुधा भिंतीला विचारत होता. कोपऱ्यात, असं सिद्धम्मानंही भिंतीलाच सांगितलं. कानशिलावर केस पांढरे झाले होते त्याचे. डोक्यावरच्या पावलांतून ते ऐकू येत नाहीत.

मागून सिद्धेश्वरी आली, हातात परात आणि पोळपाट. तिची भांडी तिलाच हवी होती. मग दोघी एका ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि पहिली पंधरा मिनिटं एकमेकींना वाट देण्यातच गेली. घ्या अक्का, तुम्ही घ्या. नको, तू घे. सिद्धेश्वरीनं मीठ आपल्या अंदाजानं टाकलं, सिद्धम्मानं डोळा चुकवून अजून थोडं टाकलं, आणि आमटी व्हायची तशी झाली. शिवयोगी दर दहा मिनिटांनी आत डोकावून, कसं चाललंय, विचारत होते. नाटकाच्या पडद्यामागं मालक येतो तसे.

पण हात कामाला लागले की माणसाचं तोंडही सैल पडतं. सिद्धेश्वरी भाकरी थापत होती, सिद्धम्मा भाजत होती. एकीच्या हातातून दुसरीच्या तव्यावर भाकरी जायला लागली आणि कुणी कुणाला घ्या म्हणेनासं झालं. सिद्धेश्वरी म्हणाली, वरच्या गॅसवर भाकरी अशी फुगत नाही. सिद्धम्मा म्हणाली, थापायला तुझा हात चांगलाय. एवढं वाक्य सात वर्षांपूर्वी म्हटलं असतं तर जिन्याचं लोखंड वाचलं असतं, असं तिच्या मनात आलं.

"अक्का, एक सांगू?" सिद्धेश्वरीनं पिठाचा हात थांबवला. "मला आधी वाटलेलं, तुमीच सांगितलं असंल भाडेकरू म्हणून. माझा भाऊ तर पैज लावत हुता. मीच त्याला म्हनलं, अक्का तोंडानं फटकळ हायत, डाळीवरून बोलतील, सगळं करतील. पण प्रभूला परकं म्हणायच्या न्हाईत त्या. त्यांनी वाढवलाय त्याला."

सिद्धम्माची भाकरी तव्यावर करपली. तिनं ती स्वतःच्या ताटासाठी बाजूला काढून ठेवली.

अकराचे साहेब पावणेबाराला आले. धोंडीराम लोंढे नाव, पन्नाशीतला शांत माणूस, बगलेत फाइल. शिवयोगींनी त्यांना आधी स्वयंपाकघराकडं न्यायचा प्रयत्न केला. बसून बोलू, म्हणाले साहेब. शिवयोगी म्हणाले, बसूच की, पण आधी आत एक नजर टाका. बायका काम करायल्यात, एकत्रच करतात, रोजच. सृष्टीला हसू आवरेना, ती पाणी आणायच्या निमित्तानं उठली.

"आत काय आहे?" लोंढे साहेबांनी विचारलं.

"चूल," शिवयोगी म्हणाले. "एकच हाय."

"असू द्या. चुली किती, हे आमच्या फॉर्ममध्ये कुठंच नाही."

शिवयोगी हळूहळू खुर्चीत बसले. सकाळपासून सिलिंडर उतरवला, परात आणली, पाच माणसांचा स्वयंपाक रांधला, तो सगळा त्या बाकावरच्या गृहस्थाच्या शब्दावर. प्रभु भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या ओठाची कड किंचित हलली. हा माणूस हसू दाबताना असाच दिसायचा, दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा. सिद्धम्मानं ते दारातून पाहिलं.

साहेबांनी फाइल उघडली. घर शिवप्पा कलशेट्टींच्या नावावर, वारस दोन मुलगे, दाखला जोडलेला आहे, म्हणजे वर राहणारे वारसच आहेत. प्रकरण सोपं होतं, दुरुस्ती होईल, म्हणाले. शिवयोगींनी हात जोडले. साहेबांनी पान उलटलं.

"फक्त एक आहे. मोजणीच्या वेळी घरातून जी माहिती दिली, तीच नोंदवली गेलीय. वरती भाडेकरू, भाडं दरमहा साडेतीन हजार, सात वर्षांपासून. खाली सही आहे." त्यांनी कागद जरा दूर धरला. "सिद्धम्मा शिवयोगी कलशेट्टी. कोण या?"

आत तव्यावर काहीतरी चरचरलं आणि सिद्धेश्वरीनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. शिवयोगी बायकोकडं बघत राहिले. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याकडं इतकं सलग कधी पाहिलं नव्हतं. प्रभूनं मात्र पाहिलं नाही. तो फरशीकडं बघत होता.

"मी," सिद्धम्मा म्हणाली.

साहेब सज्जन होते. घाबरायचं काही नाही, म्हणाले. चुकीची माहिती का दिली गेली, याचा दोन ओळींचा खुलासा जोडला की झालं. काय लिहू?

पहिले शिवयोगी सावरले. दुकानदाराला गिऱ्हाईक बिथरलं की सावरायची सवय असते. "साहेब, हिचं माहेर मैंदर्गीचं, अक्कलकोटच्या पलीकडं. घरात समदं कानडी. मराठी हिला जरा कमीच समजतं."

बेचाळीस वर्षं सोलापूरच्या भाजीवाल्यांना मराठीतून रडकुंडीला आणणारी बाई हे ऐकत उभी होती. लोंढे साहेबांनी मान हलवली. भाषेमुळं गैरसमज. चालेल.

"वय बी झालंय त्यांचं," प्रभु फरशीला म्हणाला. "ऐकू कमी येतं. तसं लिवा."

सिद्धेश्वरी पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं सिद्धम्माकडं बघायचं टाळलं, आणि ऐकू येत नाही त्यांना, असं पुटपुटली.

सगळ्यांनी मिळून सुटकेची वाट करून दिली होती. सिद्धम्मानं नुसती मान हलवायची. एक बहिरी, मराठी न कळणारी म्हातारी म्हणून तिची नोंद झाली असती, कर उतरला असता, अकलूजचा भाऊ गप्प बसला असता. संध्याकाळी सिलिंडर वर गेला असता आणि उद्या सकाळी सहाला परत डोक्यावर पावलं वाजली असती. ती मरेपर्यंत वाजत राहिली असती.

"मला ऐकू येतं," सिद्धम्मा म्हणाली. "वर कुणी नळ सोडला ते बी मला खालून ऐकू येतं. मराठी बी येतं. त्या बाईनं नीट विचारलं आणि मी नीट सांगितलं. खोटं हाय ते माहीत असून सांगितलं."

"का पण?" साहेबांचं पेन वर राहिलं.

"रागानं."

लोंढे साहेबांनी इतक्या वर्षांच्या नोकरीत बरीच कारणं लिहिली असणार. हे लिहायला त्यांचा हात धजेना. "मावशी, राग असं लिहिता येत नाही हो."

"मग रिकामं सोडा. पण बहिरी लिवू नका."

तेव्हा प्रभूनं मान वर केली. सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. "कसला राग, अत्तिगी?"

ती हाक ऐकून सिद्धम्माला दाराची चौकट धरावी लागली. तिनं पुष्कळ काही ठरवून ठेवलेलं होतं. होळगीचं होतं, जिन्याचं होतं, लहानपणचं होतं. त्यातलं काहीच आलं नाही.

"नऊ दिवस तापानं फणफणत हुते मी. तुला ठावं हुतं."

"रोज सृष्टीला पाठवत हुतो की. पेज पाठवली. औषधं पाठवली."

"पाठवायला कुरियर बी असतंय." चौकट सोडून ती एक पाऊल पुढं आली. "भाडेकरू असता तर महिन्याला एकदा तरी दार वाजवलं असतंस. एक तारखेला आला असतास, उंबऱ्यात उभा राहिला असतास, बरं हाय का म्हणून विचारून गेला असतास. मला वाटलं, दीर म्हणून तू माझ्या वाट्याला न्हाईस, निदान भाडेकरू म्हणून तरी असावास. म्हणून सांगितलं. कर वाढंल ते मला ठावं नव्हतं. ठावं असतं तरी सांगितलं असतं."

सृष्टी पाण्याचा तांब्या घेऊन मधल्या खोलीत उभी होती, तो तिनं तिथंच खाली ठेवला. शिवयोगींनी चष्मा काढला आणि पुसत बसले. लोंढे साहेबांनी खाली मान घालून कागदावर काहीतरी लिहिलं आणि सिद्धम्माकडं सहीला दिलं. तिनं वाचून पाहिलं. माहिती देताना कौटुंबिक कारणास्तव चूक झाली, असं लिहिलं होतं. खोटं नव्हतं ते. तिनं सही केली, या वेळी पेननं. खाली प्रभूनं केली. दुरुस्तीचा आदेश पंधरा दिवसांत येईल, म्हणाले साहेब. जेवायला थांबा, असं दोघी बायका एकाच वेळी म्हणाल्या, पण नियमात बसत नाही म्हणून ते नुसता चहा घेऊन गेले.

ते गेले आणि घरात कुणाला कुठं बघावं कळेना. एक कुटुंब असल्याचं सिद्ध झालं होतं, त्यामुळं आता एकत्र राहायचं काहीच कारण उरलं नव्हतं. सिद्धेश्वरीनं परात धुतली. ती पुसायला घेतली, परत धुतली. शिवयोगी दुकानाची किल्ली शोधायला लागले, जी त्यांच्या खिशात होती.

प्रभु स्वयंपाकघरात गेला, कोपऱ्यातला सिलिंडर उचलून त्यानं खांद्यावर घेतला आणि दाराशी आला. सिद्धम्मा बाजूला झाली. तो बाहेर पडला नाही. तिच्याकडं पाठ करून उंबऱ्यात उभा राहिला, खांद्यावरचं ओझं सावरत. मानेवरची शीर त्याची ताणली होती.

"अत्तिगी," तो म्हणाला. "एक तारखेला येतो."

एक तारीख चार दिवसांवर होती. सात वर्षांपुढं चार दिवस काहीच नव्हेत. कुणीही शहाणी बाई बरं म्हणाली असती आणि देवाला साखर ठेवली असती. सिद्धम्मानं पदरानं नाक पुसलं आणि भिंतीला लावलेले पाट खाली आडवे केले.

"आमच्यात भाडं आगाऊ घेतात," ती म्हणाली. "ठेव ते खाली. हात धुवून बस."

प्रभूनं सिलिंडर खाली ठेवला आणि हात धुवायला न्हाणीकडं गेला.